रेनोचं पत्र आणि तांब्याची पुंगळी

११ जुलै १८७६ रोजी यलोस्टोन नदीकाठच्या छावणीतून मेजर मार्कस रेनो याने वॉशिंग्टनला एक पत्र लिहिलं. लिट्ल बिगहॉर्नची लढाई सुरू झाली त्याला जेमतेम सोळा दिवस झाले होते. सातव्या घोडदळाचं नेतृत्व करणारा कस्टर गेला होता, आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेल्या पाच कंपन्यांमधला एकही सैनिक परतला नव्हता. अमेरिकेतली वर्तमानपत्रं दोषी माणूस शोधत होती आणि त्यांची बोटं हळूहळू रेनोकडेच वळत होती. अशा वेळी या माणसाने बसून लिहिलं ते बंदुकीत अडकणाऱ्या रिकाम्या पुंगळीबद्दल.

जुन्या बंदुकांवरच्या पुस्तकांत गोळी सुटेपर्यंतची हकिकत भरभरून असते. दारू किती, नळीतले आटे किती, पल्ला किती. गोळी गेल्यावर मागे राहिलेल्या पुंगळीचं काय होतं, हा प्रश्न मात्र बहुतेक लेखक एका वाक्यात उरकतात. मला तोच प्रश्न फार वर्षं धरून आहे. काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं, पण ते काडतूस कागदी होतं. शिपाई ते फाडायचा, दारू नळीत ओतायचा, गोळी गजाने ठासायचा. बार उडाला की मागे काढून टाकण्यासारखं काही उरत नसे. धातूचं काडतूस आलं आणि एक नवंच काम शिपायाच्या गळ्यात पडलं: दर बारानंतर तापलेलं, फुगलेलं, काजळीने माखलेलं नळकांडं बंदुकीच्या पोटातून बाहेर काढायचं. ते निघालं नाही तर हातातल्या बंदुकीची काठी झाली.

रेनोने नेमकं हेच लिहिलं होतं. आपल्या हाताखालच्या ३८० कार्बाइनपैकी सहा या कारणाने निकामी झाल्या, असं तो सांगतो. शत्रूची गोळी लागून मोडलेल्या वेगळ्या. बिघाड कसा झाला तेही तो मुद्देसूद मांडतो. ब्रीचब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, पुरता बसत नाही, काडतुसाचं बूड आणि ब्लॉक यांच्यात फट राहते, बार काढून ब्लॉक उघडला की पुंगळीचं बूड तेवढं उपटून येतं आणि उरलेली नळी चेंबरमध्ये अडकून बसते. मग ती काढायला सैनिकाजवळ काहीच साधन नसतं. फटीला तो बनावट जबाबदार धरतो, आणि चेंबरमध्ये साचणारी धूळही.

या पत्रातलं एक वाक्य मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. पकडलं गेलो तर मरण अटळ, हे माझ्या माणसांना ठाऊक होतं, त्यामुळे ती एरवीइतक्या शांत डोक्याने लढत नव्हती, असं तो कबूल करतो. यंत्राचा दोष सांगताना माणसाची घाईही त्याच कागदावर नोंदवणारा अधिकारी सबब शोधतोय असं मला वाटत नाही. पुढे मात्र तो ऐकीव गोष्टीकडे वळतो. कस्टरच्या तुकडीबरोबर गेलेल्या एका इंडियन स्काउटने लपलेल्या जागेवरून पाहिलं म्हणे, की गोळीबार चालू असताना सैनिक खाली बसून आपल्या बंदुकांशी झटत होते. आणि मृतांना पुरणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रेतांजवळ पाती तुटलेले चाकू सापडले. कस्टरच्या शेवटच्या लढाईबद्दलची एक मोठी दंतकथा या दोन वाक्यांवर उभी आहे.

आता हे पत्र लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण ते पाहावं लागतं.

अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्प्रिंगफील्डची ‘ट्रॅपडोअर’ पद्धत आपलीशी केली ती अधिकाऱ्यांच्या एका मंडळाच्या शिफारशीवरून. शंभराच्या घरात नमुने त्या मंडळाने तपासले. मंडळाचा अध्यक्ष होता जनरल आल्फ्रेड टेरी. १८७६ च्या मोहिमेत सातव्या घोडदळाला लिट्ल बिगहॉर्नकडे धाडणारा आणि २७ जूनला रणभूमीवर पोचून मृतदेह पाहणारा टेरी तो हाच. मंडळाच्या सदस्यांत एक नाव होतं मेजर मार्कस रेनो. म्हणजे ज्या बंदुकीत मूलभूत दोष आहे असं रेनो कळवत होता, ती निवडणाऱ्यांत तो स्वतः बसला होता.

पत्र गेलं ते ऑर्डनन्स विभागाचा प्रमुख जनरल स्टीफन व्हिन्सेंट बेने याच्याकडे. बेने एके काळी फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलचा प्रमुख होता. रेनोच्या माणसांच्या कमरेला असलेली काडतुसं त्याच कारखान्यात तयार झाली होती, आणि काडतुसाच्या पोटात दडलेली ठिणगीची रचना खुद्द बेनेची होती. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. रेनोने बोट ठेवलं बंदुकीच्या ब्लॉकवर. माझ्या मते खरा गुन्हेगार होता काडतुसाचा धातू, आणि रेनोला ठाऊक असो वा नसो, त्याचं पत्र त्या धातूच्या मालकाच्याच टेबलावर जाऊन पडलं.

ही बंदूक जरा हातात घेऊन पाहू. यादवी युद्ध संपलं तेव्हा लष्कराकडे तोंडाने भरायच्या बंदुकांचा प्रचंड साठा पडून होता. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातला प्रमुख कारागीर अर्स्किन ॲलिन याने १८६५ मध्ये त्यावर तोड काढली. नळीची मागची बाजू कापायची आणि तिथे बिजागरीवर वर उघडणारं एक झाकण, म्हणजेच रेनोच्या पत्रातला ब्रीचब्लॉक, बसवायचं. १८७३ ची बंदूक नव्याने घडवलेली, कमी व्यासाची होती, पण झाकण तेच. घोडा अर्धा ओढायचा, बाजूची कळ अंगठ्याने दाबायची, झाकण पुढच्या बाजूला वर उलटायचं. बिजागरीपाशी एक छोटा एक्स्ट्रॅक्टर असतो. झाकण पूर्ण उलटलं की तो पुंगळीच्या कडेला झटका देतो आणि पुंगळी मागे उडते. सगळं स्वच्छ असेल तेव्हा हा झटका पाहायला सुंदर असतो.

पण एक्स्ट्रॅक्टर पुंगळीच्या गोल कडेचा अगदी थोडासा भाग पकडतो. पुंगळी सुटी असेल तर तेवढं पुरतं. ती चेंबरला चिकटली असेल तर सगळा जोर त्या चिमुकल्या पकडीवर येतो. आणि फ्रँकफर्डची पुंगळी तांब्याची होती. बार उडाला की कुठलीही पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. ते हवंच असतं, कारण त्यामुळे वायू मागे येत नाही. पितळ फुगल्यावर दाब उतरताच किंचित आकसतं आणि भिंत सोडतं. मऊ तांबं फुगतं ते फुगलेलंच राहतं. त्यात काळ्या दारूची काजळी, मोंटानाची जून महिन्यातली धूळ, आणि भराभर बार काढून तापलेली नळी. एक्स्ट्रॅक्टरने ओढ घेतली की तांब्याची मऊ कडा तरी फाटते, नाही तर रेनो म्हणतो तसं बूडच निघून येतं.

तांबं का वापरलं, याचं उत्तर बेनेच्या रचनेत आहे. या काडतुसाचं बूड बाहेरून कोरं दिसतं, मध्ये ठिणगी देणारी टोपी नसते. ठिणगी देणारं मिश्रण आतल्या एका छोट्या पेल्यात असतं आणि तो पेला जागेवर धरायला पुंगळीच्या बुडालगत बाहेरून दोन खाचा दाबलेल्या असतात. संग्रहातल्या या पुंगळ्या ओळखायच्या त्या याच दोन खाचांवरून. फायरिंग पिन बूड चेपते तेव्हा आतलं मिश्रण पेटतं. म्हणजे बूड मऊच हवं आणि खाचाही दाबल्या जायला हव्यात. तांबं खोल ओढायला सोपं. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचे खाजगी कारखानदार बाहेरून टोपी बसवायची पितळी काडतुसं तोवर करू लागले होते. लष्कराला ते माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

आणखी एक गोष्ट होती ती चामड्याची. घोडदळाचे सैनिक काडतुसं चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेल्या कड्यांत खोचून बाळगत. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा तांब्याशी संबंध आला की हिरवा थर धरतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. इथे कळकत होती ती काडतुसं, आणि तो हिरवा थर तसाच चेंबरमध्ये जात होता. पट्ट्याची कडी कापडाची असावीत हा बदल पुढे लष्कराने अधिकृतपणे केला.

लढाई सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. २५ जूनला दुपारी रेनोने तीन कंपन्यांनिशी लाकोटा आणि शायेन लोकांच्या विशाल वस्तीच्या वरच्या टोकावर चाल केली. ती फसली. तो झाडीत मागे हटला, तिथून नदी ओलांडून टेकडीवर पळाला, आणि त्या धावपळीत त्याची पुष्कळ माणसं मेली. कॅप्टन बेंटीनची तुकडी आणि सामानाची खेचरं येऊन मिळाली आणि सगळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या टेकडीवर वेढले गेले. चार मैलांवर कस्टरची तुकडी संपली.

मला थांबायचं आहे ते टेकडीवर. घोडदळाच्या कार्बाइनची नळी बावीस इंचांची, आखूड, घोड्यावर वागवायला सोयीची. पायदळाच्या रायफलच्या नळीखाली गज असतो. कार्बाइनला तो नव्हता. तो असता तर अडकलेली पुंगळी तोंडाकडून एका ठोक्यात बाहेर आली असती. गज नाही म्हणून सैनिकाने खिशातला चाकू काढायचा, पुंगळीच्या कडेखाली पातं खुपसायचं आणि उचकटायचं. एम कंपनीचा कॅप्टन टॉमस फ्रेंच याच्याकडे मात्र पायदळाची लांब स्प्रिंगफील्ड होती, गजासकट. सैनिकांच्या पुढच्या काळातल्या आठवणींत हा फ्रेंच पुन्हा पुन्हा येतो. गोळ्या सणसणत असताना तो बसला आहे, कुणी अडकलेली कार्बाइन त्याच्याकडे सरकवतो, तो आपल्या गजाने पुंगळी ठोकून काढतो, काडतूस भरतो आणि बंदूक परत देतो. या लढाईतल्या शौर्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. मला सर्वांत जवळची वाटते ती ही, कारण तिच्यात एका माणसाला नेमका बिघाड कळला होता आणि त्याच्या हातात नेमकं साधन होतं.

विभागाने रेनोच्या पत्राचं काय केलं? १८७७ च्या नमुन्याची कार्बाइन पाहिली की उत्तर मिळतं. तिच्या दस्त्याच्या बुडाला धातूचं छोटं झाकण आहे. ते सरकवलं की आत पोकळी, आणि त्या पोकळीत तीन तुकड्यांत जोडायचा गज आणि बूड तुटलेली पुंगळी काढायचं एक खास हत्यार. टेकडीवर जे एकट्या फ्रेंचजवळ होतं ते आता प्रत्येक घोडेस्वाराच्या दस्त्यात आलं. सरकारी यंत्रणेला दोष देण्याची आपल्याला सवय आहे, पण एवढ्या थोड्या काळात दुरुस्ती सैनिकाच्या हाती पोचावी याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र ही दुरुस्ती लक्षणाची होती. मूळ रोग, म्हणजे तांबं, आणखी काही वर्षं तसाच राहिला. बाहेरून बसवायची टोपी १८८० च्या दशकात आली, आणि त्या दशकाच्या अखेरीकडे फ्रँकफर्डने पुंगळीही पितळेची केली.

ब्रिटिशांनी हाच धडा सुदानमध्ये घेतला. जानेवारी १८८५ मध्ये अबू क्लियाच्या लढाईत त्यांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अडकल्या. त्यांचं बॉक्सर काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं होतं आणि बूड लोखंडी. वाळू आणि उष्णता यांनी त्याची तीच गत केली. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळी पुंगळ्या आल्या आणि मार्टिनीची तरफही लांब झाली, जोर जास्त लावता यावा म्हणून.

इकडे अमेरिकेत मात्र पत्रातली ती दोन वाक्यं मोठी होत गेली. १८७९ च्या जानेवारीत शिकागोला रेनोच्या वर्तनाची चौकशी बसली. न्यायालयाने त्याच्यावर ठपका ठेवला नाही, पण लोकांनी ठेवला. १८८० मध्ये वेगळ्याच वर्तनाच्या आरोपावरून तो लष्करातून काढला गेला आणि १८८९ मध्ये मेला. कस्टरच्या भक्तांना एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या: रेनो भेकड हवा आणि कस्टर निष्पाप हवा. दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांना रेनोचंच पत्र सोयीचं पडलं. बंदुकांनी दगा दिला, नाही तर कस्टर हरता ना. तुटलेल्या पात्यांचे चाकू पुस्तकामागून पुस्तकात फिरत राहिले.

या कथेला पहिला गंभीर आक्षेप घेतला तो इतिहासकार पॉल हेड्रेन यांनी, १९७३ मध्ये. रणभूमीच्या परिसरातून तोवर गोळा झालेल्या पुंगळ्या त्यांनी तपासल्या. उचकटल्याच्या खुणा, कडेवरचे ओरखडे, फाटलेली कडा. अशा खुणा असलेल्या पुंगळ्या एक टक्क्यापेक्षाही कमी निघाल्या. मग ऑगस्ट १९८३ मध्ये रणभूमीवर वणवा पेटला आणि दाट गवत जळून जमीन उघडी पडली. रिचर्ड फॉक्स यांनी पाहणी केली, आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली धातुशोधक यंत्रं घेऊन पद्धतशीर सर्वेक्षण झालं. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर टिपली गेली. नेब्रास्का राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाने पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, खुनाच्या तपासात ठेवतात तशाच. एकाच बंदुकीतून सुटलेल्या पुंगळ्या फायरिंग पिनच्या ठशांवरून जुळवल्या गेल्या आणि शंभर वर्षांपूर्वीचा एकेक सैनिक कुठून कुठे सरकला ते दिसू लागलं. अडकल्याच्या खुणांचं प्रमाण आलं साधारण तीन टक्के, कस्टरच्या भागातही आणि रेनोच्या टेकडीवरही.

त्यानंतर बहुतेक अभ्यासकांनी हा विषय मिटला असं धरलं. मला तो मिटलेला वाटत नाही, आणि कारणं सांगतो.

तीन टक्के ही टक्केवारी पुंगळ्यांची आहे, सैनिकांची नाही. दर बाराला अडकण्याची शक्यता शंभरात तीन असेल तर वीस बार काढणाऱ्या सैनिकाला निदान एकदा तरी हा प्रसंग येण्याची शक्यता शेकडा पंचेचाळीसच्या आसपास जाते. म्हणजे रांगेतला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस केव्हा ना केव्हा चाकू शोधत असणार. प्रत्यक्षात हे प्रसंग सर्वांना सारखे वाटले गेले नसतील. ज्याची काडतुसं जास्त कळकलेली, ज्याची नळी जास्त तापलेली, त्याच्या वाट्याला ते पुन्हा पुन्हा आले असतील.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जमिनीवर सापडलेली ओरखडे असलेली पुंगळी म्हणजे शेवटी बाहेर निघालेली पुंगळी. रेनोने वर्णन केलेली पुंगळी बाहेर येतच नाही. ती चेंबरमध्ये राहते. कस्टरच्या टेकडीवरच्या कार्बाइन जिंकणाऱ्यांनी उचलून नेल्या, आणि त्यांच्या पोटात काही अडकलेलं असलं तर तेही त्यांच्याबरोबर गेलं. मातीत ते शोधून सापडणार नाही. त्यामुळे जमिनीवरच्या पुंगळ्या मोजून मिळालेला आकडा हा खालचा आकडा धरला पाहिजे. रेनोच्या टेकडीवर जिवंत माणसं आणि बंदुका दोन्ही शिल्लक होत्या, म्हणून तिथे ३८० पैकी सहा असं मोजता आलं. कायमच्या निकामी झालेल्या बंदुकांचा इतका सरळ आकडा या लढाईत दुसरा नाही, आणि तो दिला आहे ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं त्या माणसाने.

पण यावरून कस्टर बंदुकीमुळे हरला असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. सहा बंदुका, साठ बंदुका, काही फरक पडला नसता. कस्टरने आपली रेजिमेंट तुकड्यांत वाटली होती, समोरच्या वस्तीचा अंदाज चुकला होता, सैनिकांना नेमबाजीच्या सरावासाठी मिळणारी काडतुसं तुटपुंजी होती. आणि समोर लढवय्ये होते. त्याच १९८४ च्या सर्वेक्षणाने दाखवलं की लाकोटा आणि शायेन योद्ध्यांच्या हातांत चाळीसहून अधिक प्रकारच्या बंदुका होत्या, आणि त्यांत न थांबता बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टरही होत्या. वुडन लेग या शायेन योद्ध्याची आठवण टॉमस मार्क्विस यांनी लिहून काढली, ती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. गवतात, घळीत लपून धनुष्याने बाण उंच सोडायचे, ते वरून खाली सैनिकांवर आणि घोड्यांवर पडायचे. बंदूक झाडली की धुरावरून जागा कळते, बाणाला धूर नसतो, असं तो समजावून सांगतो. ज्या लोकांनी जमीन, उतार आणि शत्रूची भीती इतकी बारकाईने वाचली त्यांचा विजय तांब्याच्या कडेवर ढकलणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. शंभर वर्षं तो होत राहिला.

रेनोचं पत्रही त्या अन्यायासाठी लिहिलेलं नव्हतं. ते पुढच्या सैनिकासाठी लिहिलेलं होतं. घाईने उभ्या केलेल्या फौजेच्या हातात हा दोष भयंकर ठरेल, असा इशारा त्यात आहे. १९६७ मध्ये लष्कराने त्याच्या बडतर्फीचा फेरविचार करून ती रद्द केली आणि त्याचे अवशेष त्याच रणभूमीशेजारच्या दफनभूमीत सन्मानाने पुरले. त्या निमित्ताने तो भेकड होता की नव्हता यावर पुन्हा लिहिलं गेलं. कार्बाइनवरचं त्याचं पत्रही तेव्हा त्याच्या बाजूने वाचलं जायला हवं होतं.

आणि निदानात तो कुठे चुकला हे बंदुकीनेच पुढे दाखवून दिलं. १८९२ मध्ये क्रॅग रायफल स्वीकारली गेली तरी ट्रॅपडोअर लगेच संपली नाही. १८९८ च्या स्पॅनिश युद्धात हजारो स्वयंसेवक तीच घेऊन गेले, क्युबाच्या दमट उन्हात, घाईने उभ्या केलेल्या पलटणींत. रेनोला ज्यांची काळजी होती तशीच ही फौज. बिजागरीवरचं झाकण तेच होतं, पुंगळी तेवढी पितळेची झाली होती. त्या मोहिमेत या बंदुकीविरुद्ध जी ओरड झाली ती धुराची होती. काळ्या दारूचा पांढरा लोट उठायचा आणि स्पॅनिश नेमबाजांना जागा कळायची.